तळपद्यांनी शेगडी कशी निवडली

श्यामसुंदर तळपदे सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते, आणि हा धंदा त्यांनी घरीही चालू ठेवला होता. पहिल्या प्रुफात जगातली कुठलीच गोष्ट बरोबर नसते, असा त्यांचा अनुभव. छत्री निवडायला त्यांनी चौदा महिने घेतले. मधला एक अख्खा पावसाळा ते दुसऱ्यांच्या छत्र्यांतून चालले, पण चुकीची छत्री घेतली नाही. वसुधाबाईंना पाहायलाही ते दोनदा गेले होते. दुसऱ्या खेपेला दुरुस्तीजोगं काही सापडलं नाही, म्हणून लग्न झालं, असं वसुधाबाईच सांगत. सांगताना त्या हसत, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही हसायला हरकत नसे.

मुलुंडला एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि मागे फरशीचं अंगण. घरात तिघं. श्यामसुंदर, वसुधाबाई आणि आई रुक्मिणीबाई. चौथी व्यक्ती म्हणजे कोळशाची शेगडी. ती आधी धूर देई, मग विचार करी आणि अर्ध्या तासाने मनावर घेई.

१९५७ सालच्या गणपतीनंतर वसुधाबाईंना मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं. लग्नाआधी त्यांनी शिक्षिकेची परीक्षा दिलेली होती. तिचं प्रमाणपत्र सहा वर्षं ट्रंकेत शालूखाली झोपलं होतं. नोकरी दिवाळीनंतर सुरू, शाळा सकाळची, घंटा सातला. हो की नाही ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळवा, दुसऱ्या एक बाई वाट पाहत आहेत, असं मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलं होतं. वसुधाबाईंनी ते पत्र गव्हाच्या डब्यात ठेवलं आणि त्या आठवड्यात गहू चार वेळा निवडले.

रुक्मिणीबाईंनी नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "साडेसहाच्या आत चारी ठाव स्वयंपाक आटपून कोणी जात असेल, तर मी कोण अडवणार?" असलं औदार्य त्यांना परवडत होतं. शेगडीने तीस वर्षांत साडेआठच्या आधी त्या घरात पोळी भाजू दिली नव्हती.

श्यामसुंदर वर्तमानपत्र घडी करून म्हणाले, "म्हणजे प्रश्न नोकरीचा नाही, शेगडीचा आहे. शेगडी मी निवडतो."

त्या सबंध प्रकरणात वसुधाबाई खऱ्या घाबरल्या त्या या एका वाक्याला. हातात तीन आठवडे होते.

श्यामसुंदरांनी दोनशेपानी वही घेतली आणि रकाने आखले. उष्णता, धूर, वास, आवाज, काजळी, आणि शेवटी 'स्वभाव'. हा शेवटचा रकाना त्यांच्या स्वतःच्या डोक्यातला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मग रविवार आणि संध्याकाळी गाठून ते लोकांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसू लागले.

घाटकोपरला त्यांची बहीण कुंदा प्रायमस वापरी. आधी वाटीत स्पिरिट, मग काकडा पेटवायचा, मग पंप. तो पेटला की घरात विमान उतरल्यासारखं वाटे. श्यामसुंदर आणि कुंदाचे यजमान त्याच्यापाशी तासभर बोलले आणि दुसऱ्याला आपलं पटलं असं समजून दोघंही खूश झाले. स्वभाव : 'पंप मारल्यास रागावतो, न मारल्यास रुसतो.' अंधेरीला मावशीकडे दहा वातींचा स्टोव्ह होता. तो गरीब, पण दहाही वातींची मतं वेगळी. तिथल्या चहाबद्दल वहीत नोंद आहे : 'उत्तम. दिव्यातही चालेल.' बोरिवलीला नंदकिशोर नावाच्या कचेरीतल्या मित्राकडे विजेची शेगडी होती. तिची तार लाल होते की केशरी, हे पाहायला श्यामसुंदर वाकले आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. जिन्यात मंडळी जमली. चहा शेवटी शेजारच्या बाईंच्या कोळशावर झाला, तेवढ्यात विजेचं नाव वहीतून खोडलं गेलं.

भुशाची शेगडी पाहायला लांब जावं लागलं नाही. भिंतीपलीकडे लवू परब राहत. आधी गिरणीत होते, आता विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. त्यांनी ती शेगडी पत्र्याच्या डब्यातून स्वतः बनवली होती. मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा आणि बाटली अलगद ओढून काढायची. लवूंची बायको प्रेमा म्हणे, की बाटली काढताना श्वास घेतला तरी शेगडी ढासळते. श्यामसुंदरांनी लिहिलं : 'स्वभाव हळवा.'

आणि मग नेहमीच्या डॉक्टरांच्या घरी त्यांनी गॅस पाहिला. शेगडीखाली कोळसा नव्हता, वात नव्हती, राख नव्हती. त्यांनी वाकून पाहिलं, मग बसून पाहिलं. निळी ज्योत आवाज न करता जळत होती. कोपऱ्यात लोखंडी नळकांडं उभं होतं, ते जावयासारखं, काही न करता महत्त्वाचं. घरी येताना त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून गॅसचा अर्ज आणला आणि संदर्भासाठी वहीत डकवला.

दसऱ्याला पाच दिवस उरले तेव्हा वहीची एकतीस पानं भरली होती. निष्कर्षाच्या जागी एकच ओळ होती : 'अधिक माहिती हवी.'

त्या दुपारी वसुधाबाईंनी पाण्याचा हात लावून अर्ज सोडवला, भरला आणि स्वतः जाऊन दुकानात दिला. तेव्हा सिलिंडरचा गॅस घ्यायला लोक घाबरत, त्यामुळे तो मिळायला वेळ लागत नसे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खाकी शर्टातला मेकॅनिक हातगाडीवर सगळं घेऊन हजर झाला. आपल्या तुलनात्मक अभ्यासाचं कंपनीच्या कानावर गेलं असावं, म्हणून त्यांनी नमुना धाडला, असा श्यामसुंदरांचा समज झाला. ते प्रूफ वसुधाबाईंनी तपासलं नाही.

मेकॅनिकने बजावलं, की ज्योत विझली तर आधी शेगडीचा कान, म्हणजे पुढचं बटण, पिळून बंद करायचा, खिडकी उघडायची आणि वास जाईपर्यंत काडी ओढायची नाही. वसुधाबाईंनी हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. गॅस ठेवायचा कुठे यावर रुक्मिणीबाईंचं मत ठाम होतं. नवी वस्तू जमिनीवर टेकवत नाहीत, आणि उभ्याने रांधायला त्या काही खानावळवाल्या नव्हत्या. म्हणून ती दोन तोंडांची शेगडी खिडकीशी चौरंगावर बसवली गेली. सिलिंडरला त्यांनी कुंकू लावलं. स्फोट व्हायचाच असेल तर तो निदान कुंकू लावलेल्या वस्तूचा व्हावा, असा काहीसा हेतू असावा.

दसऱ्याला हत्यारं पुजतात. फिटर पाने पुजतो, शिंपी कात्री. श्यामसुंदरांनी शेगड्या पुजायचं ठरवलं, कारण परीक्षाही त्याच दिवशी होती. कुंदा आणि तिचे यजमान घाटकोपरहून प्रायमस घेऊन आले. मावशीने वातींचा स्टोव्ह पाठवला होता. लवूंनी भुसा ठासून शेगडी तयार ठेवली. अंगणात घरचा कोळसा धरून चार शेगड्या झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या राहिल्या आणि पाचवी आत, खिडकीतून दिसेल अशी. मार्चातल्या निवडणुकीत मुलुंडकरांनी याहून कमी तयारीचे उमेदवार पाहिले होते.

श्यामसुंदरांची कसोटी सोपी होती. प्रत्येकीवर एकेक शेर पाणी, आणि हातात घड्याळ. इथे रुक्मिणीबाईंनी तोंड उघडलं. पाणी आंघोळीला तापवतात, त्या म्हणाल्या. नव्या चुलीवर पहिलं दूध चढतं, ते उतू जावं लागतं, आणि गेलं तर पूर्वेकडे जावं. एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमत नसलेली ती सगळी मंडळी यावर ताबडतोब एक झाली. तळपद्यांच्या आजोबांपासून लवूंच्या कोकणातल्या आज्जीपर्यंत सगळ्यांनी दूध उतू घालवूनच चुली चालू केल्या होत्या. शेगडीचं दुधाबद्दल काय म्हणणं आहे, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मातीची चूल थोडं दूध पिते आणि पुढे चालू लागते.

मुलुंडात तेव्हा माणसांच्या बरोबरीने म्हशी होत्या, दुधाची ददात नव्हती. पाच पातेली चढली. श्यामसुंदर घड्याळ घेऊन अंगणातून खिडकीशी आणि खिडकीपासून अंगणात धावू लागले. चौथं मिनिट लागलं आणि आतून वसुधाबाईंनी हाक दिली. गॅसवरचं दूध वर आलं होतं. अंगण रिकामं झालं, सगळे खिडकीशी दाटले. दूध काठाशी क्षणभर थांबलं, मग फुगलं आणि पूर्वेकडे, अगदी नेमकं पूर्वेकडे, धो धो गेलं. रुक्मिणीबाईंनी हात जोडले. इतकं शुभ दूध त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

फस् असा आवाज झाला आणि निळी ज्योत गेली.

वसुधाबाईंनी त्याच क्षणी कान पिळला आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. तेवढ्यात पाठीमागे अंगणात, कोणी पाहत नसताना, बाकीचेही शुभ होऊ लागले. प्रायमस एक शिवी दिल्यासारखा वाजून गप्प झाला. दहा वाती एकमताने विझल्या. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलंच एकमत. कोळशाने राखेचा लोट उडवला, तो श्यामसुंदरांच्या नव्या धोतरावर बसला. भुशाच्या शेगडीवरचं दूध जराशाने उतू गेलं, शेगडी आतल्या आत ढासळली आणि तिची खीर झाली. झेंडू करपले. मांजर कुठून तरी आलं आणि सगळ्या उमेदवारांना सारखाच न्याय देऊ लागलं.

प्रेमा हसू दाबायला पदर तोंडात धरून उभी होती. आधी तो सुटला, मग कुंदा सुटली, मग कुंदाचे यजमान भिंतीला टेकले. हसल्या नाहीत त्या दोघीच. रुक्मिणीबाई पाटावर बसून म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी विझली." वास गेल्यावर वसुधाबाईंनी काडी ओढून पाहिली. ज्योतीच्या भोकांत साय घट्ट बसली होती. एका बाजूला नावापुरती निळी चुणूक आली आणि गेली. दुसरं तोंडही न्हालं होतं.

श्यामसुंदरांनी धोतर झटकलं आणि निकाल दिला. परीक्षा अनिर्णित. दिवाळीनंतर पुन्हा घेऊ, या वेळी पाण्यावर.

वसुधाबाई उठल्या. गव्हाच्या डब्यातून पत्र काढलं, झटकलं आणि वहीच्या उघड्या पानावर ठेवलं.

"उद्या," त्या म्हणाल्या.

दोन गव्हाचे दाणे 'स्वभाव'च्या रकान्यात पडले. श्यामसुंदरांनी पत्राकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि बहुधा छत्रीनंतर पहिल्यांदाच त्यांना निवडीचा रस्ता दिसेना.

लवू परब मात्र केव्हाच चौरंगाशी मांडी घालून बसले होते. त्यांनी शेगडीचं पितळी तोंड उचलून उजेडाकडे धरलं. "तळपदेनू, काय जावक नाय तेका," ते म्हणाले. "नाकात दूध गेला. शिंकला काय बरा जातला. माका ती प्रायमसाची पिन दिया."

कुंदाच्या प्रायमसची पिन आली. लवूंनी दोन्ही तोंडं चिंचेने घासली, धुतली, भोकन् भोक टोचलं आणि फडक्याने कोरडी करून बसवली. वसुधाबाईंनी काडी लावली. ज्योत गोल, निळी, पुरती आली. बाहेर बाकीच्या चौघी ओल्या होऊन पडल्या होत्या, घड्याळात अकरा वाजले होते, आणि सात माणसांच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि मसालेभात व्हायचा होता. श्रीखंडाला चूल लागत नाही, ही त्या दिवसाची एकमेव सोय. तुलनेला कोणी उरलंच नव्हतं.

सणाच्या पुऱ्या रुक्मिणीबाईच तळत. त्यांनी पाट चौरंगाशी ओढला, कढई चढवली आणि तेल तापेना म्हणून सवयीने फुंकायला वाकल्या. वसुधाबाईंनी त्यांचा हात धरून कानावर ठेवला आणि फिरवून दाखवला. ज्योत मोठी झाली. उलट फिरवला, लहान झाली. रुक्मिणीबाईंनी हात सोडवून घेतला आणि स्वतः फिरवला. मोठी. लहान. मोठी. पन्नास वर्षं त्यांनी विस्तवाला फुंकर घातली होती, पंखा हलवला होता, विनवण्या केल्या होत्या. त्यांनी पुन्हा एकदा लहान करून पाहिली, आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या,

"माझं ऐकणारं या घरात हे पहिलंच."

पुऱ्या टम्म फुगल्या. एक बारीक आचेवर, एक मोठ्या आचेवर, एक मध्ये कान फिरवून, केवळ बघायला म्हणून. लवू अकरा पुऱ्या जेवले आणि आपण बनवलेल्या शेगडीचं नाव कोणी काढू देईनात. दुपारी वसुधाबाई चहाचं आधण ठेवायला गेल्या आणि कानाकडे हात नेला, तोच पाठीमागून आवाज आला.

"हात नको लावूस. तुला शाळा आहे ना?"

वसुधाबाईंनी हात तिथेच ठेवला. बाहेर श्यामसुंदर वही मिटत होते, तेही थांबले.

"स्वयंपाक साडेसहाच्या आत होईल," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मी करीन. तू मध्ये आलीस तर नाही होणार."

होकाराचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. श्यामसुंदर ते एकदा नजरेखालून घालतो म्हणाले. वसुधाबाई म्हणाल्या, पोस्टात टाकून आले. दिवाळीनंतर त्या पावणेसातला घराबाहेर पडू लागल्या. तेव्हा आत डबा भरलेला असे आणि रुक्मिणीबाई पाटावर बसून, काही शिजत नसलं तरी, ज्योत लहानमोठी करून बघत असत. वहीत बत्तिसाव्या पानावर गॅसच्या स्वभावाची नोंद आहे : 'ऐकते. आईचं.' निष्कर्षाच्या जागी अजून तीच एक ओळ आहे.

शाळेत वह्या न्यायला वसुधाबाईंना पिशवी हवी होती. श्यामसुंदर म्हणाले, मी निवडतो. सोमवारी त्या घरातली गव्हाची पिशवी उलटी करून, झटकून घेऊन गेल्या, आणि पुढची सात वर्षं तीच नेली.