काठी आमच्या दारात

बाबूदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी लखनौत मानक नगरच्या नाक्यावर न्हाव्यापुढं गाल फुगवून बसलो होतो. एक बाजू झाली होती, एक राहिली होती. शेजारचे मिश्राजी सायकल टाकून धावत आले, "भैया, येसकर बाबू नहीं रहे." तसाच उठलो. मातीला मी अर्ध्या दाढीनं उभा. एकानं हळूच विचारलंसुद्धा, "आपके यहाँ दाढ़ी आधी ही बनवाते हैं?" दादा असता तर हसून हसून तिरडीवरनं उठला असता... महिना झाला त्याला.

आम्ही एका गावचे, एका भावकीचे, साताऱ्याकडचे. तो रेल्वेत फिटर, मी त्याच्या हाताखालचा खलाशी. तो मॅट्रिक, आणि माझं न् शाळेचं चौथीतच फाटलं. आडनाव दोघांचं एकच, येसकर. म्हणजे वेशीवरचा माणूस. दिवस बुडाला की गावची वेस लावायची, कोण आत आलं, कोण बाहेर राहिलं ते बघायचं. पण आमची आजी म्हणायची, येसकर म्हणजे टोपलं घेऊन दारोदार शिळी भाकरी मागणारा. आजा म्हणायचा, शिवेच्या भांडणात ज्याचा शब्द शेवटचा, तो येसकर. दोघं एकाच चुलीपुढं बसून सांगायची, आणि दोघं खरंच बोलायची. हे काम घराघरांत फिरायचं. एका घराची पाळी संपली की घुंगरं बांधलेली काठी नेऊन पुढच्या घराच्या दाराला टेकवून यायची. बोलायचं काही नाही. सकाळी दार उघडलं, काठी दिसली, की समजायचं.

पुढं आमच्या लोकांनी ही गावकी सोडली. कुणी काठ्या जाळल्या, कुणी आडनावं बदलून गावाच्या नावावरनं नवी लावली. बरोबरच केलं. दादानं मात्र आज्याची काठी वळकटीत गुंडाळून लखनौला आणली आणि क्वार्टरच्या दारावर मोठ्या अक्षरात 'येसकर' अशी पाटी लावली. मी म्हटलं, "दादा, सुटली ती ब्याद. आता मिरवतोस कशाला?" तो म्हणाला, "लाज वाटायची तर शिळं वाढणाऱ्यांना वाटू दे. माझा आजा थंडीवाऱ्यात उभा होता, तो मी पुसायचा व्हय?" आणि रोज संध्याकाळी शिफ्ट सुटली की हा आपला कॉलनीच्या वळणावर उभा, धुकं असू दे नाहीतर उन्हाळ्यातली लू. शेवटची सायकल आत आली की घरी. काठी घेऊन जायचा नाही. म्हणायचा, "आज्याला गावानं उभं केलं होतं. मी माझ्या मर्जीनं उभा हाय. काठी घरात, मी बाहेर."

माझं उलटं. आडनाव विचारलं की मी खाली बघायचो. इथं मराठी कुणाला कळतंय, म्हणून मी ठोकून दिलं, येसकर म्हणजे किलेदार! पानवाला 'किलेदार साहब' म्हणायला लागला, फुकट चुना जास्त लावायला लागला. दसऱ्याला एका ठाकूरसाहेबांनी मोठ्या मानानं घोड्यावर बसवलं. घोडा निघाला, मी तिथंच राहिलो. मातीत बसल्या बसल्या म्हटलं, "हमारे किले में घोड़े छोटे होते हैं."

ही किलेदारी मी नको तिथं नेली. दादाच्या पोरीला, सुनंदाला, कानपूरचं स्थळ आलं. आपलेच लोक, मुलगा इंजिनिअर. मुलाचे वडील, गायकवाडसाहेब, चहाला बसले आणि म्हणाले, "सगळं पसंत. फक्त पत्रिकेत आडनाव बदला. पोरगा अफसरांत वावरतो." दादानं काठीकडं बघितलं. मला वाटलं, आता आपणच सावरायचं. म्हटलं, "अहो, येसकर म्हणजे किलेदार!" गायकवाडसाहेबांनी बशी खाली ठेवली. "कुणाला सांगता राव? माझा आजाबी पाळीनं येसकरच होता." माझा चहा नाकातनं आला. पोरीचं लग्न मोडायला निघालं होतं आणि मी रुमाल शोधत होतो.

दादा म्हणाला, "नाव बदलणार नाही. पण लग्न तिचं आहे. सुनंदे, तू सांग बाळ. तू म्हणशील तसं." पोरगी लखनौत वाढलेली, मराठी ऐकायची, हिंदीत बोलायची. म्हणाली, "पापा, आज नाम बदलवाएँगे, कल और क्या? मैं येसकर ही ठीक हूँ." मला वाटलं, संपलं. पण गायकवाडसाहेब उठले ते थेट कोपऱ्यातल्या काठीपाशी गेले. तिच्यावरनं हात फिरवला, घुंगरं वाजली... पाठमोरेच म्हणाले, "आमची बापानं आडात टाकली. मीच म्हटलं होतं, टाक म्हणून." आणि वळून म्हणाले, "छापा येसकर." स्वतःचं त्यांनी बदलून घेतलेलं गायकवाडच छापलं. दादा म्हणाला, त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला. जाताना त्यांनी माझा निरोप घेतला, "जयभीम, किलेदार." ते मला अजून टोचतंय.

परवा दादाचं क्वार्टर रिकामं झालं. सुनंदा सगळं आवरून पहाटेच्या गाडीनं कानपूरला गेली. मी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर चौकटीला काठी टेकवलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आमच्या हिनं विचारलं, "आता हो?" म्हटलं, "आता काय, पाळी आली."

संध्याकाळी बाहेर पडताना काठीला नुसता हात लावला आणि वळणावर जाऊन उभा राहिलो. पाय दुखायला लागले. हा माणूस रोज कसा उभा राहत होता कुणास ठाऊक... पानवाला दुकान बंद करून चालला होता. म्हणाला, "अरे किलेदार साहब, आप यहाँ?"

म्हटलं, "किलेदार नहीं, भैया. येसकर. मिश्राजी की साइकिल अभी बाहर है."