दह्याशेजारची फिल्म

"हलवू नका! येतोय तो!"

असं ओरडून फोटोकाका गिऱ्हाइकाचं मनगटच धरायचे. त्यांच्या झटपट फोटोच्या कॅमेऱ्याच्या तोंडातून फोटो बाहेर पडला रे पडला, की माणूस त्याला वारा घालायला लागतो. तुम्हीही घातला असेल. काका म्हणायचे, "अहो, पापड आहे का तो? आत ओलं औषध आहे. दाबू नका, वाकवू नका, सावलीत धरा आणि बघत राहा."

आणि काय बघायचो आम्ही! नवरात्रात टेंभी नाक्यावर काका उभे असले, की देवीच्या रांगेतली माणसं रांग सोडून यायची. हातात नुसता राखाडी-हिरवट चौकोन. मग त्यात डोळ्यांचे काळे ठिपके. मग साडीचा लाल, बांगड्यांचा हिरवा. "आला! आला!" अख्खा घोळका ओरडायचा, जणू फोटो नाही, गाडीतून पाहुणा उतरतोय.

आम्ही एकाच चाळीत राहायचो. चाळीत फ्रीज फक्त आमच्याकडे, त्यामुळे काकांच्या फिल्मची पाकिटं आमच्या दह्याशेजारी असायची. काकांचे मेहुणे आखातातून सुट्टीवर येताना ती आणायचे, तेवढीच. आई कुरकुरायची, "तुमच्या फिल्मला माझ्या कोथिंबिरीचा वास लागेल हो."

"लागू दे वहिनी, फोटोतली माणसं ताजी दिसतील."

फिल्मची बडदास्त जावयासारखी. निघायच्या दोन तास आधी पाकीट फ्रीजबाहेर काढून फळीवर ठेवायचे. "थंडीतून एकदम उठवलं तर रंग निळे पडतात. उन्हात टाकलं तर पिवळे." दर पाकिटानंतर कॅमेऱ्यातले दोन बारके रूळ ओल्या मलमलीने पुसायचे, कारण औषध फोटोभर सारखं पसरतं ते त्या रुळांनीच. फोटो कापू द्यायचे नाहीत. एकदा कडेतून औषध बोटावर आलं, तर हातातला चहा टाकून नळाकडे धावले. "भाजतं रे! पाण्याखाली धरायचं, चोळायचं नाही."

मला मात्र त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. "दह्याशेजारी. वर बर्फाच्या कप्प्यात कधी नाही."

आता जे लिहितोय, ते मी आजवर घरातही बोललेलो नाही. एका नवरात्रात सप्तमीला माझे कॉलेजचे मित्र येणार होते. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांना जागा हवी होती. मी फिल्मची दोन्ही पाकिटं वर, बर्फाच्या कप्प्यात सारली. म्हटलं, जास्त थंड तर जास्त चांगलं. सकाळी पुन्हा दह्याशेजारी आणून ठेवली. कुणाला कळलं नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी मीही नाक्यावर होतो. खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक आजी नव्या सुनेला घेऊन आली. सून अंगभर दागिन्यांत, दिवस गेलेली. काकांनी फोटो काढला. घोळका जमला. "आला! आला!" आजी आली, तिचं नाकातलं आलं. शेजारी सुनेच्या जागी पांढरा डाग.

"आरं दादा, माजी सून कुठं गेली?"

काकांनी रूळ पुसले. दुसरा काढला. पुन्हा डाग. दुसरं पाकीट घातलं, तरी तेच. घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "काका, हात थरथरतोय. आता नातवंडं सांभाळा!" सगळे हसले. आजी नाही हसली. तिने सुनेच्या डोक्यावरून पदर ओढला आणि देवीकडे पाठ न करता, मागे मागे चालत, तिला घेऊन गेली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर काकांनी कॅमेरा कुणा भाच्याला देऊन टाकला. पुढे कोपरला मुलीकडे राहायला गेले. मी दिवाळीला जायचो, दर वेळी सांगायचं ठरवून. ते विचारायचे, "फ्रीज चालतोय ना तुमचा?" मी म्हणायचो, "चालतोय." आणि चकली खायचो.

काका वारल्यावर भेटायला गेलो, तेव्हा मुलीने बिस्किटांचा डबा पुढे ठेवला. "बाबा हे सारखे काढून बसायचे. का, ते कधी बोलले नाहीत."

आत त्या अष्टमीच्या संध्याकाळचे सगळे फोटो. प्रत्येकाच्या मागे काकांच्या अक्षरात एकेक शब्द. 'रूळ?' 'मांडवातले दिवे?' 'जुनं पाकीट?' 'माझा हात?' इतकी वर्षं ते शोधत होते. आजीचा तो पहिला फोटो तेवढा मागून कोरा होता.

टेबलावर मार्कर पेन होतं. मी त्या कोऱ्या पाठीवर लिहिलं, 'बर्फाचा कप्पा.' खाली माझं नाव. लिहिता लिहिताच मुलीला सगळं सांगितलं, बाटल्यांसकट.

शाई ओली होती. वाळावी म्हणून मी फोटोला वारा घालायला लागलो, तर तिने माझं मनगट धरलं.

"हलवू नका," ती म्हणाली.