पिवळ्या पट्ट्याची चाल

कामावरून घरी आली की थोरली लगेच चपला काढत नाही. आधी दाराशी भिंतीला पाठ टेकून उभी राहते. दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत उभं राहायचं, गरम यंत्रातून बाहेर येणाऱ्या चादरीची दोन टोकं धरायची, समोरच्या बाईने दुसरी दोन धरायची, झटका, घडी, की पुढची चादर हजर. लोक झोपतात म्हणून चादरी चुरगळतात, आणि लोक झोपायचे काही थांबत नाहीत. संध्याकाळपर्यंत तिचा उजवा घोटा कणकेच्या गोळ्यासारखा फुगलेला असतो.

आतल्या खाटेवरून आई बोलते, "आलीस का? ओढतेयस पाय. लहानपणी जिन्यावर उंडारली नसतीस तर आज ही वेळ आली नसती."

आईला आता फारसं दिसत नाही. चेहरे तर नाहीच. उजेड कळतो आणि हलणारं काही असेल तर ते कळतं, तेवढ्यावर ती घर चालवते. दारात आकृती हलली की चालीवरून माणूस ओळखते. शेजारीण बदकासारखी डुलते, टपालवाला पुढे झुकून चालतो, आणि थोरली डावा पाय टाकून उजवा मागून ओढून घेते. आई आजवर एकदाही चुकलेली नाही. चुकीची होती ती फक्त जिन्याची गोष्ट, आणि ती आईने रचलेली नव्हती.

त्याचं असं झालं. थोरलीचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना एका सिनेमात झळकला. पिवळा कमरपट्टा बांधलेला एक पोरगा एका म्हाताऱ्या नावाड्याकडून लाथा मारायची विद्या शिकतो आणि चोरांची टोळी लोळवतो, असा मुलांचा सिनेमा. भावाचे डोळे मोठे, गालाला खळी. सगळं छान होतं, फक्त त्याला स्टुलावरून उडी मारायची म्हटलं तरी रडू यायचं. मग वडिलांनी थोरलीचे केस कापले. तिच्या पायाला मुळातच भिंगरी. उड्या, कोलांट्या, लाथा सगळ्या तिच्या, आणि खळी त्याची. पोस्टरवर मात्र छापलं होतं की हा पोरगा सगळं स्वतः करतो. म्हणून वडिलांनी दोघांना बजावलं, "अळीमिळी गुपचिळी. आईलासुद्धा नाही. तिच्या पोटात काही राहत नाही."

शेवटच्या दिवशी छपरावरची उडी होती. थोरली खाली आली ती घोट्यावर. घरी सांगितलं, जिन्यावरून पडली.

दुसऱ्याच दिवशी त्याच सिनेमावरून निघणाऱ्या व्हिडिओ गेमचं काम होतं. पडद्यावर पोरगा डावीकडून उजवीकडे चालत जाणार, वाटेत येईल त्याला लाथ मारणार, मागे फिरायची सोय नाही. गेमच्या चित्रकाराने पांढरी चादर टांगली, समोर कॅमेरा लावला. त्यावरून तो एकेक चित्र काढणार होता. "चारच पावलं टाकायचीत," वडील म्हणाले. थोरलीने ती चार पावलं सकाळपासून दुपारपर्यंत टाकली. चित्रकाराला वाटलं, पाय असा ओढत चालणं हाच त्या विद्येचा डौल. त्याने तो जसाच्या तसा उतरवला. आणि मध्येच ती दमून खाली बसली, दोन्ही हातांनी घोटा धरून, तेही कॅमेऱ्यात आलं. ते त्याने ठेवून दिलं. बटणं सोडून दिली की गेममधला पोरगा जरा वेळाने तसाच बसायचा. पोरं खो-खो हसायची.

मग तेरड्याचा रंग तीन दिवस. वडील गेले, सिनेमा लोक विसरले, भाऊ फर्निचरच्या दुकानात विक्रीला लागला. थोरलीला पैशाचं दुःख नव्हतं, नावाचंही नव्हतं. आईने एकदा तरी जिना सोडून खरं काय ते बोलावं, एवढंच तिला हवं होतं. पण गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि भाऊ तोंड उघडेल अशी आशा तिने कधीच सोडून दिली होती. ती आता दमली होती. हवं असण्याचाही कंटाळा येतो.

एका रविवारी दुपारी भाऊ आला. टक्कल पडलेलं, खळीच्या जागी आता सुरकुती. जुना गेम नव्या डब्यात पुन्हा बाजारात आला होता, आणि कंपनीला जाहिरातीसाठी एक व्हिडिओ हवा होता. म्हातारी आई लेकाला पडद्यावर बघतेय, डोळे पुसतेय, असा.

"आयत्या बिळावर नागोबा," थोरली मनात म्हणाली आणि दारात उभ्या उभ्या धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालू लागली.

भावाने टीव्ही खाटेजवळ ओढला, फोन उभा करून ठेवला, आईला पुढे बसवलं आणि खेळायला सुरुवात केली. पडद्यावर पिवळा पट्टा बांधलेली आकृती चालू लागली.

"बघ आई, ओळख कोण ते!"

आईने मान पुढे काढली. बराच वेळ बघत राहिली.

"थोरली," ती म्हणाली.

"थोरली तिकडे आहे गं, दारात. हा मी."

"तू कसा? तू चालतोस बाहेर पाय फेकत. ही थोरली. उजवा पाय ओढतेय." मग तिचा आवाज खाली आला. "एवढीशी दिसतेय. आणि तू मेल्या, उडी मारायला लावतोयस तिला. अरे, तिला लागलंय. थांबव, बसू दे जरा."

भावाचे अंगठे आणखी थोडा वेळ चालत राहिले. मग त्याने ते उचलले. पडद्यावरची आकृती उभी राहिली, डोलली आणि दोन्ही हातांनी उजवा घोटा धरून खाली बसली.

"आई," भाऊ म्हणाला. "ती थोरलीच आहे. उड्या तिच्याच होत्या. सगळ्या. ती छपरावरून पडली."

"मग मी दुसरं काय म्हणतेय?" आई फोनकडे पाठ करून दाराकडे वळली. "आणि मला जिना सांगितलात. जन्मभर बोलले मी या पोरीला."

थोरलीच्या हातात टॉवेल तसाच राहिला. तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं.

"उभी का?" आई म्हणाली आणि भिंतीकडे सरकली. "ये. बस इथे, पाय वर घेऊन."

थोरली डावा पाय टाकत, उजवा ओढत खाटेपर्यंत आली आणि बसली. भावाने उरलेले टॉवेल उचलले आणि घड्या घालू लागला. त्याला जमत नव्हतं, पण थोरली उठली नाही.