डोक्यावरचा पदर

निमगाव केतकीचे जोतीराम मेंढरांमागं वाढले, फौजेत गेले आणि लडाखच्या दवाखान्यात पंधरा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली राबले. परत आल्यावर चहाच्या टपरीत ते एकच विषय काढत. उंचावर डोकं दुखलं, तर थांबायचं. ओकारी आली, तर वर पाऊल टाकायचं नाही. पण सरळ रेघेवर चालता येईना, भान सुटलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तडक खाली.

"आबा, आमच्या गावात उंच म्हंजे पाण्याची टाकी," लोक हसत.

शहाण्णव साली गावची गाडी केदारनाथला गेली. सोबत धाकटा भाऊ दादासो आणि त्याची बायको कौसल्या. थोरल्या दिरासमोर ती कधी आली नव्हती. बावीस वर्षं एका घरात राहून जोतीरामांना तिचा फक्त आवाज माहीत होता, तोही भिंतीपलीकडचा.

देवळाचा कळस दिसायला लागला, तेव्हा शेजारची तानूबाई म्हणाली, "कौसल्या दोनदा वकली."

"निरंकार उपास हाय. पित्त चढलंय," दादासो म्हणाला.

"चालवून बघा तिला," जोतीराम म्हणाले.

"तुमच्याम्होरं चालंल व्हय ती?"

जोतीरामांनी दगडावर बसल्या बसल्याच पाठ फिरवली. मागं पावलं वाजली.

"चालली की बरी!" तानूबाई ओरडली.

बरी म्हणजे किती बरी? ते विचारणार, तोच कौसल्या त्यांच्याच दगडावर, त्यांना खेटून बसली. पदर खांद्यावरून मातीत लोळत होता. केस वाऱ्यावर उडत होते.

"अगं, पदर!" दादासो खेकसला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. पदर म्हणजे काय, हे आठवत असल्यासारखं.

जोतीराम उठले. "दादासो, टोपलीवाला बोलव. खाली न्यायची."

"देऊळ समोर हाय, आबा! तिचा नवस हाय."

"देऊळ हितंच ऱ्हातंय. ही न्हाय ऱ्हायची."

टोपलीवाल्यानं तिला पाठीवर घेतलं. जोतीराम मागून चालत होते. दर वळणावर तिच्या ओठांचा रंग, छातीचं वरखाली होणं पाहत होते. इतक्या वर्षांत हा चेहरा ते पहिल्यांदा बघत होते. कपाळावर गोंदण होतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

खाली, पायथ्याच्या गौरीकुंडाची घरं दिसू लागली. कौसल्यानं पाणी मागितलं. प्याली, इकडंतिकडं पाहिलं, आणि समोर थोरले दीर दिसताच तिचा हात चाचपडत मागं गेला. पदर डोक्यावर आला.

जोतीरामांनी मोठा श्वास सोडला आणि पाठ फिरवली.