तोत्तोरी सर

तोत्तोरी सर तोतरे नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जव्हारमधल्या निम्म्या लोकांचा तसा समज होता. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना तोत्तोरी म्हणायचो, ते शिपायाने ऐकलं, शिपायाकडून पालकांपर्यंत गेलं आणि तिथे पोचेपर्यंत त्याचं ‘तोतरे सर’ झालं. नवे प्राचार्य आले तेव्हा त्यांनी सरांना समोर बसवून, एकेक शब्द सुटा करून, मायेने विचारलं की वर्गात बोलताना फार त्रास होतो का. सरांनी त्यांना एका दमात जपानच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक पद्धत सांगितली. प्राचार्यांनी पाणी मागवलं, ते स्वतःसाठी.

सर मोखाडा तालुक्यातल्या हेदीच्या पाड्याचे. घरी भात-नागलीची शेती. पाड्यातले ते पहिले पदवीधर आणि आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्राचे शिक्षक. त्यांना पीएच.डी. करायची होती ती आपल्याच मुलखावर. जव्हार नावाचा विधानसभा मतदारसंघ पुनर्रचनेत गेला कसा आणि आपण सगळे विक्रमगडच्या नावाखाली आलो कसे, हा त्यांचा विषय. पण मुंबईत विषय ठरवायच्या दिवशी एसटी घाटात बंद पडली आणि सर पोचेपर्यंत महाराष्ट्र वाटून संपला होता. मार्गदर्शकांकडे एकच विषय उरला होता, कुणा जुन्या विद्यार्थ्याने अर्धवट सोडलेला: ‘जपानमधील तोत्तोरी या संसदीय मतदारसंघाचा इतिहास’. शीर्षक मंजूर झालेलं आहे, बदलायचं तर अर्ज करा, वेळ लागेल, तोवर वाचायला लागा, असं मार्गदर्शक म्हणाले. सरांनी अर्ज केला आणि वाचायला लागले.

वाचायचं कुठे, हा प्रश्न होता. त्यांच्या खोलीवर इंटरनेट म्हणजे पडद्यावर नुसतं फिरणारं चक्र. रेंज मिळायची ती गावाबाहेरच्या शिरपामाळावर. रविवारी तिथे पर्यटक फोटो काढत असायचे आणि सर एका कडेला बसून मोबाइलवरून जपानची मतमोजणी वहीत उतरवून घेत असायचे. “महाराज सुरतेला जाताना इथे थांबले,” ते मला म्हणायचे, “मीही थांबतो. पीडीएफ उतरायला वेळ लागतो.” मी मराठीचा शिक्षक, घाटावरून आलेला. रविवारी दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे मी त्यांच्याबरोबर जायचो, आणि त्यातून मलाही न मागता तोत्तोरी पाठ झालं.

तोत्तोरी हा जपानमधला सगळ्यात कमी वस्तीचा जिल्हा. एका अंगाला समुद्र, बाकी बहुतेक डोंगर. तरुण माणसं शहरात कामाला जातात, म्हातारी मागे उरतात. महायुद्धानंतर वरिष्ठ सभागृह स्थापन झालं तेव्हापासून या जिल्ह्याचा स्वतःचा मतदारसंघ होता. पुढे माणसं फारच कमी झाली म्हणून तो शेजारच्या शिमाने जिल्ह्याला जोडून टाकला आणि दोघांचा मिळून एक केला. जोडल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत निवडून आला तो शेजारचा माणूस. हे सांगताना सरांचा चेहरा असा पडायचा की नवख्या माणसाला वाटावं, यांच्या घरची जमीन गेली.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे तिथलं मत हाताने लिहावं लागतं. मतपत्रिका कोरी, मतदाराने आत जाऊन उमेदवाराचं नाव लिहायचं. एकाच आडनावाचे दोन उमेदवार असले आणि मतदाराने नुसतं आडनाव लिहिलं, तर ते मत बाद होत नाही, दोघांत वाटून देतात. ज्याला बाकीची मतं जास्त, त्याला वाटाही जास्त. त्यामुळे निकाल अपूर्णांकात लागतो. गणिताच्या बाईंनी डबा खाता खाता विचारलं, म्हणजे तिथे माणूस अर्धाही निवडून येतो की काय. “आपल्याकडे पूर्ण निवडून येतो,” सर म्हणाले, “आणि मग अर्धासुद्धा दिसत नाही.”

मी जपून राहणारा माणूस. सरकारी कागदातला माझा आवडता शब्द ‘निरंक’. शाळेत काही गैरप्रकार? निरंक. तक्रारी? निरंक. सर म्हणायचे, तुम्ही मराठी शिकवता ती एवढ्या एका शब्दासाठी का? मी हसून सोडून द्यायचो. त्यांचं जपान हे मला आपलं एक निरुपद्रवी खूळ वाटायचं.

तीन वर्षांनी विषय बदलायला मंजुरी आली. आता तुम्ही जव्हारवर लिहू शकता, असं पत्र. मी अभिनंदन केलं. सरांनी पत्राची घडी करून वहीत ठेवली आणि म्हणाले, आता नको. मी कारण विचारलं तर मला शनिवारी पाड्यावर घेऊन गेले. मोखाड्यापर्यंत बस, पुढे जीप, पुढे पाय.

पाड्यावर त्यांची आई होती, सोमीआजी. तिने आम्हाला नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं वाढलं. सरांनी तिला माझ्यासमोर विचारलं, तोत्तोरी म्हणजे काय गं? तोत्तोरी लिहिताना जी दोन अक्षरं वापरतात, त्यातलं एक पाखराचं आणि दुसरं धरण्याचं. हे तिला सरांनीच कधीतरी सांगितलेलं. “पाखरा धरणाऱ्यांचा गाव,” आजी म्हणाली, “मंग ती आपलीच माणसा.” तिच्या लहानपणी पाड्यातली माणसं फासे लावून लावे पक्षी धरायची. एवढ्या पुराव्यावर तिने जपानशी नातं जोडून टाकलं होतं, आणि तिचा मुलगा त्याच्यावर प्रबंध लिहीत होता.

जेवणं झाल्यावर पाड्यातल्या बायका ओट्यावर जमल्या. पाट्या काढून त्या लिहायला बसल्या. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की जपानात लिहिता येत नसेल तर मत देताना फार अडतं, आणि ही पद्धत उद्या आपल्याकडे येणार नाही कशावरून. ही शुद्ध थाप होती, पण सरकारी साक्षरता वर्गाला न जमलेलं काम तिने केलं. नुसतं नाव लिहून भागायचं नाही, असाही त्यांचा नियम होता. पाड्यात सोमी तीन. नुसतं सोमी लिहिलं तर मत तिघींत वाटून जाईल, म्हणून नावापुढे पाडा लिहायचा. सोमीआजी जीभ दाताखाली धरून ‘हेदीचा पाडा’ लिहीत होती. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव लिहितात, आपलं नाही, हे मी सरांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, गप्प बसा, आधी आपलं तर येऊ दे.

पुढच्या वर्षी पाड्याची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. मतदान केंद्र त्याच शाळेत असायचं. याद्या तपासणारा माणूस आला तो ऐन उन्हाळ्यात, जेव्हा अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर वसई-भिवंडीकडे गेलेला. कुलपं बघून त्याने नावांपुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं. मग कागद आला की मतदान केंद्रांच्या सुसूत्रीकरणात हेदीचा पाडा हे केंद्र नदीपलीकडच्या सावरखिंडीला जोडण्यात येत आहे. सावरखिंड म्हणजे उतरून, नदी ओलांडून, परत चढून दीड तास. म्हाताऱ्या माणसांचं मतदान तिथेच संपल्यासारखं होतं. सर कागद घेऊन माझ्या खोलीवर आले आणि तो माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, “माणूस कामाला गेला की मेला असं धरतात. तिथेही आणि इथेही.”

त्यांनी केंद्र परत मिळावं म्हणून अर्ज लिहिला. अर्ज उत्तम होता, पण त्यात दोन पानं तोत्तोरीची होती. मी सांगितलं, एवढं काढून टाका, कार्यालयात गोंधळ होईल. सरांनी मान हलवली आणि आणखी एक परिच्छेद वाढवला. ते कार्यालय कुठलं ते मी सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. उत्तर मात्र दोन महिन्यांत आलं, आणि ते मला अजून पाठ आहे: ‘आपल्या अर्जात नमूद मौजे तोत्तोरी हे गाव या तालुक्याच्या हद्दीत येत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ स्टाफरूममध्ये ते पत्र वाचून आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले, सगळ्यांच्या मागून.

नंतर माझी बदली खाली किनाऱ्याकडे झाली. निरोपाला सरांनी मला तोत्तोरीचा हाताने काढलेला नकाशा दिला. मी तो कपाटात टाकला. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली, नाशिकला नेलं, आणि आठवड्यात गेले. मला चार दिवसांनी कळलं. प्रबंध टंकलिखित होऊन बांधायला दिलेला होता. मी तेव्हा पाड्यावर जायला हवं होतं. पाऊस आहे, रस्ता बंद असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि गेलो नाही. याची मला आजही लाज वाटते.

मग निवडणूक आली. संगणकाने सोडत काढली आणि मला केंद्राध्यक्ष करून पाठवलं ते थेट सावरखिंडीला. यादीत सरांचं नाव होतंच. मृतांची नावं काढायला आपल्याकडे घाई कुणालाच नसते. ती जिवंतांच्याच बाबतीत होते.

अकराच्या सुमाराला खालून चढून बायका आल्या. पुढे सोमीआजी, काठी टेकत. तिने मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. तिला कायदा माहीत असावा. नोंदवहीपाशी बसलेल्या अधिकाऱ्याने तिचा अंगठा घ्यायला शाईची गादी पुढे केली. आजीने ती बाजूला सारून पेन मागितलं. मग जीभ दाताखाली धरून लिहायला बसली. आधी नाव, त्याच्यापुढे पाडा. रकाना पुरला नाही, अक्षरं शेजारच्या रकान्यात गेली. रांग खोळंबली. एक मतदान प्रतिनिधी उठून म्हणाला, आजी, नुसतं नाव बस झालं, पाडा कशाला.

“नुसता नाव लिवला तं मत वाटून जातं,” आजी म्हणाली. “माझे पोऱ्यानं सांगलाय.”

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मला खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. अधिकाऱ्याने विचारलं, सर, हे चालेल का. सही किती लांब असावी याचा नियम पुस्तकात मला तरी आठवत नव्हता. मी म्हणालो, लिहू द्या. मागच्या सगळ्या बायकांनी तसंच लिहिलं. मतदान केंद्रांच्या यादीतून गेलेला हेदीचा पाडा त्या नोंदवहीत ओळीने उतरत गेला, वाकडातिकडा आणि शेजारच्यांच्या रकान्यात पाय टाकून.

जाताना आजी माझ्या टेबलापाशी थांबली. “वाचता येतं ना तुला, मास्तर?” एवढंच म्हणाली आणि उतरायला लागली.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने दैनंदिनी भरायची असते. ‘विशेष घटना’ या रकान्यात मी आयुष्यभर एकच शब्द लिहीत आलो. त्या दिवशी लिहिलं: ‘हेदीचा पाडा येथील वृद्ध महिला दीड तास चालून आल्या. तोत्तोरीप्रमाणे यांनाही शेजारी जोडले आहे. केंद्र पूर्ववत करावे.’

महिन्याभराने मला पत्र आलं. दैनंदिनीत उल्लेख केलेले तोत्तोरी हे ठिकाण कोणत्या तालुक्यात येते, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. सुटायचा रस्ता मला ठाऊक होता. ‘नजरचुकीने लिहिले गेले’ एवढं म्हटलं की फाइल बंद होते. मी कपाटातून सरांचा नकाशा काढला, टेबलावर पसरला आणि खुलासा लिहायला घेतला. एकाच ओळीचा झाला.

तोत्तोरी, तालुका मोखाडा.