गोड पाणी, तीन मैल

पुणे-नगर रस्त्यावर हिवरवाडीचा फाटा होता खरा, पण तो आहे हे फक्त हिवरवाडीलाच ठाऊक. गाव तीन मैल आत. गाड्या धूळ उडवत निघून जायच्या आणि फाट्यालगत शेत, घर आणि विहीर असलेल्या मच्छिंद्रला वाटायचं, पाहुणा दारावरून तोंड फिरवून गेला. माणूस सरळ, पण एकदा मनात घेतलं की बायकोचंही ऐकायचा नाही.

सत्तर सालच्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून लाल हिंगूळ उरला. मच्छिंद्रनं तो उचलला, शाळेतून रविकांत गुरुजींना ओढून आणलं आणि रस्त्याकडेच्या मोठ्या धोंड्यांना चुना फासून त्यावर अक्षरं काढून घेतली. ‘आमच्या विहिरीचं गोड पाणी, तीन मैल.’ पुढच्या धोंड्यावर दोन मैल, मग एक. फाट्यावरच्या धोंड्यावर नुसतंच, ‘आलं. बसा.’ पुण्याकडून तसंच, नगरकडूनही तसंच.

फुकटच्या पाण्याला एवढी जाहिरात, म्हणून गाव पोटभर हसलं. पण तीन मैल वाचत आलेल्या माणसाला तहान लागतेच. मच्छिंद्रनं लिंबाखाली भरून ठेवलेल्या रांजणाशी ट्रक थांबू लागले. गावातली आक्काबाई शेंगांची पाटी घेऊन बसू लागली. वर्षभरात एसटीचा कंडक्टर ‘पाण्याचा फाटा, पाच मिनिटं’ म्हणून ओरडू लागला, तेव्हा मच्छिंद्रची छाती दोन बोटं फुगली.

एकाहत्तरचा पाऊस ओढ देऊन गेला, बहात्तरचा आलाच नाही. आषाढात विहिरीनं तळ दाखवला. बैल छावणीत गेले. मच्छिंद्र गावच्या ओढ्यात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यावर नंबर लावायचा आणि घरच्या वाट्याचं पाणी कावडीनं तीन मैल आणून रांजणात ओतायचा.

“आवं, धोंड्यांवरचं पुसा की,” त्याची बायको साळूबाई म्हणाली. “समदा मुलूख कोरडा पडलाय. तुमालाच कोन नावं ठेवनार हाय?”

“तीन मैल आस लावून मानूस येतो, साळू. त्याला कोरडा रांजन दाखवू?”

तिनं कपाळाला हात लावला. आणि दुसऱ्या दिवशी घागर घेऊन त्याच्या मागोमाग चालू लागली.

पाथर्डीचा सहादेव कांद्याचा ट्रक घेऊन नेहमी थांबायचा. एका दुपारी त्यानं धापा टाकत येणारी कावड पाहिली. मच्छिंद्रच्या खांद्याची सोललेली कातडी पाहिली. विहिरीत डोकावून आला, हातातला तांब्या न पिताच रांजणावर ठेवला आणि निघून गेला.

मच्छिंद्र त्या दिवशी जेवला नाही. ‘आमच्या विहिरीचं’ म्हणून लिहिलेलं खोटं पकडलं गेलं, एवढंच त्याच्या मनाला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी सहादेवनं ट्रकमधून पाण्यानं भरलेलं पिंप खाली घेतलं.

“न्हे ते माघारी,” मच्छिंद्र म्हणाला. “पानी पाजनाऱ्याच्या दारात पानी आनून ओततोस व्हय?”

“दोन वरसं तुमचं पानी पितोय, आण्णा. मी कवा लाजलो का?”

मच्छिंद्र पाठ फिरवून बसला. साळूबाईनं कुणाला न विचारता रांजणाचं झाकण काढलं.

पुढच्या आठवड्यात एसटीच्या ड्रायव्हरनं पाण्याचा डबा आणला. मग दुसऱ्या ट्रकवाल्यानं पिंप आणलं. रांजण रिता राहिना आणि कावड भिंतीला टेकून राहिली.

पोळा आला. दारात बैल नव्हते, तरी सण मोडायचा नाही म्हणून मच्छिंद्रनं हिंगूळ कालवला. गुरुजींना घेऊन तो सगळे धोंडे फिरला. पहिले दोन शब्द चुन्यानं पुसायला लावले आणि त्या जागी एकच शब्द लिहून घेतला. ‘तुमचंच गोड पाणी, तीन मैल.’

साळूबाईला वाचता येत नव्हतं. परत आल्यावर तिनं विचारलं, “काय लिव्हलं?”

हाताचा लाल रंग धोतराला पुसत तो म्हणाला, “खरं लिव्हलं.”