मामांच्या बरणीतले डास

आमच्या मामांइतकी डासांची बडदास्त ठेवणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा झाला नसेल. हिंगोलीहून नरसीकडे जाताना कयाधूच्या काठी त्यांचं गाव. तिथे ते मास्तर होते. पावसाळा सरला की गावात घरोघर हिवतापाने अंथरुणं भरत. मामांनी तालुक्याच्या दवाखान्यातून एक उर्दू पुस्तिका आणि एक भिंग पैदा केलं, आणि त्या दिवसापासून शाळेतले पाढे मागे पडून डास सुरू झाला.

लोकांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं, हा मामांचा सिद्धान्त. म्हणून ओसरीवरच्या कोनाड्यात काचेच्या दोन बरण्या असत. एकीत पाणी आणि वळवळणाऱ्या अळ्या, दुसरीत उडते डास. तोंडाला मलमल ताणून बांधलेली. कुणी आलं की मामा त्याच्या हातात भिंग देत आणि स्वतः डास होत. भिंतीला दोन्ही हात टेकायचे, डोकं खाली घालायचं आणि बूड वर करून तिरपं उभं राहायचं. "बाकीचे डास भिंतीला सरळ चिकटून बसतात. हिवतापाची अशी बसते, बूड वर करून. नीट बघून घ्या." पन्नाशीचा, कोट-टोपीतला हा डास पाटलांनी बराच वेळ बघितला आणि शांतपणे म्हणाले, "समजलं मास्तर. आता सरळ व्हा, पोरं बघून राहिली."

चावते ती मादीच, नर बिचारा फळांच्या रसावर जगतो, हे कळल्यावर शेजारचे रहीमचाचा हळहळले. मामी मात्र तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "काहून चावते पण ती?"

"अंडी घालायला रक्त लागतं तिला."

"मंग लेकरायसाठीच करते की. तिचं काय चुकलं?"

मामांनी पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतली.

मामामामींना मूलबाळ नव्हतं. नरांसाठी मामा मनुका भिजवून बरणीत टाकत. "त्यायला मनुका, आन् आमाला फुटाणे," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. माद्यांची सोय वेगळी होती. दिवेलागणीला मामी देवापुढे वात लावी, त्याच वेळी मामा बाही वर सारून उघडा हात मलमलीवर टेकवून बसत. माद्या आतून सोंडा खुपसत. पोट भरून एकेक तांबडी झाली की मामा समाधानाने हात खाजवत.

खुद्द मामांनाही ताप होता. एक दिवस सोडून एक दिवस हुडहुडी भरायची. जर्मनीच्या लढाईचे दिवस होते, हिवतापावरचं कोयनेल मिळणं मुश्कील. मामांना दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या ते लेकरांना वाटून टाकत आणि वर म्हणत, "मला सवय झाली रे." दोन घोंगड्यांखाली दात वाजत असतानाही त्यांचा हात मात्र बाहेर, बरणीवर. मी रागावलो तर म्हणाले, "पाहुण्यायला उपाशी ठिवू का, भाचेबुवा?"

मी तेव्हा हिंगोलीला कापडाच्या दुकानावर होतो. लढाईत कापडाचीही टंचाई. मलमलीचा तो तुकडा मीच मालकाच्या हातापाया पडून आणला होता. मामी तेव्हाच म्हणाली होती, "आजून एक आण रे बाबा. दसऱ्याला चक्का कशात टांगू, पदरात?" मी आणतो म्हणालो. आणि विसरलो.

दसऱ्याला रिकाम्या हाताने गेलो. श्रीखंड झालं होतं, अगदी लोण्यासारखं. दुसऱ्या वाढणीला मामांचा हात थांबला. ते उठून ओसरीवर गेले. डासांच्या बरणीला जुन्या लुगड्याचं फडकं होतं, त्याला बोट जाईल एवढं भोक, आणि आत फक्त मनुका.

"चांगली उकळून घेतली व्हती मी मलमल," मामी आतून म्हणाली. "घरात दुसरी व्हती का?"

मामा परत येऊन पाटावर बसले. "गेल्या लेकी सासरी," म्हणाले आणि वाटी पुढे केली. आम्ही तिघेही हसलो. मी सगळ्यात जास्त.

दिवाळीच्या आत मामीला हुडहुडी भरली. हुडहुडीच्या तिसऱ्या पाळीला ताप डोक्यात गेला. मी अख्खी हिंगोली पालथी घालून सहा गोळ्या मिळवल्या आणि छकड्याने दुपारी गावात पोचलो. दारात माणसं जमली होती. रहीमचाचांनी माझ्या हातातली पुडी घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

मामीचे दिवस झाल्यावर मी म्हणालो, "मामा, गावात काय डासांचा दुष्काळ होता? दुसराच कुठला तरी असेल."

"असंल," मामा म्हणाले. बरणी पुढ्यात ओढून घेतली. "कोऱ्या डासात काही नसतं बघ. ती आधी तापकऱ्याला चावली पायजे. मंग धा-बारा दिवस ते तिच्या पोटात पिकतं. साऱ्या गावाला मीच शिकवलं. आन् माझ्या बरणीतल्यांनी रक्त कुणाचं प्यालं?"

शिकवणारा माणूस स्वतःला धड्याच्या बाहेर धरतो, एवढीच ती चूक. पण मलमलीचा दुसरा तुकडा तर मीच विसरलो होतो.

बरण्या त्यांनी घासून पालथ्या घातल्या. घरोघरचे रांजण ओतायला लावणं चालूच ठेवलं, पण भिंतीला हात टेकून पुन्हा कधी डास झाले नाहीत. मी दर दसऱ्याला जात राहिलो. मामा उंबऱ्यातच विचारत, "किती आणलेस?"

"दोन, मामा."

मग ते मलमलीचे दोन्ही तुकडे उजेडात धरून भोक कुठे नाही ना ते भिंगाने बघत, नीट घडी घालत आणि त्या रिकाम्या कोनाड्यात आधीच्या घड्यांवर ठेवत. चक्का त्या घरात पुन्हा कुणी टांगला नाही.